बारमाही सावलीसाठी बकुळ



लागण, खोडवा, पाचट, ठिबक, हुमणी या विषयांवर आपण या पानातून नेहमी बोलत असतो. या वेळी विषय थोडा निराळा घेतला आहे. विषय सावलीचा आहे.

गाळपाचे शेवटचे दिवस डोळ्यापुढे आणा. मार्च महिना, दुपारचा एक वाजलेला. वजनकाट्यापुढे गाड्यांची रांग लागली आहे. बैल जूवाखाली मान टाकून धापा टाकताहेत. तोडणीवाल्या बाईने गाडीच्या चाकाजवळ, हातभर सावलीत, पोराला निजवले आहे. ऊन सरकते तसे ती पोर सरकवते. ट्रॅक्टरवाला ट्रॉलीखाली आडवा झाला आहे. उसालाही ऊन सोसत नाही. तोडलेला ऊस तापत पडला की वजन घटते, उतारा घटतो, आणि तो तोटा शेवटी तुमच्या-आमच्या खिशातूनच जातो. हीच गत गावातल्या शाळेची, दवाखान्याची, एस.टी. थांब्याची. अंगारकीला राजूरच्या गणपतीला जालन्याकडून माणसे रातोरात पायी येतात. येताना रात्रीचा गारवा असतो, पण दर्शन घेऊन परत निघताना टेकावे कुठे, हा प्रश्न पडतो. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात रस्ते रुंद झाले ते सोयीचेच झाले, पण कडेची जुनी झाडे बरीच गेली आणि त्यांच्या जागी सावली काही आली नाही.

झाडे आपण लावत नाही असे नाही. वनमहोत्सव 1950 साली सुरू झाला, तेव्हापासून दर जुलैत खड्डे खणले जातात. 2016 ते 2019 या काळात राज्यात कोट्यवधी रोपांचे उद्दिष्ट ठेवून मोहिमा झाल्या. पण गावोगाव एक विनोद आहे, तो खरा आहे : रोप नवे, पाहुणे नवे, खड्डा मात्र गेल्या सालचाच. तेव्हा या लेखात आम्ही झाड लावण्याबद्दल थोडे आणि जगवण्याबद्दल जास्त लिहिणार आहोत.

बकुळच का?

सावलीची झाडे पुष्कळ आहेत. प्रत्येकाचा गुण वेगळा, खोड वेगळी.

कडुनिंब आणि करंज ही आपल्या मातीतली झाडे. पाणी कमी असले तरी तग धरतात. पण फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास त्यांची पाने झडतात आणि नवी पालवी दाट व्हायला वेळ लागतो. नेमकी गरज असते तेव्हा काही दिवस सावली विरळ होते. गुलमोहोर मूळचा मादागास्करचा. फुलला की डोळ्यांचे पारणे फिटते, पण उन्हाळ्याच्या तोंडी तो निष्पर्ण असतो आणि वादळात त्याच्या फांद्या काडकन मोडतात. गोठ्यावर तो नको. उंच सरळ वाढणारा, ज्याला आपण नुसता अशोक म्हणतो, तो खरा सीताअशोक नव्हे. कुंपणाला तो शोभतो, पण त्याच्या सावलीत एक माणूस धड बसत नाही. सुबाभूळ वाढते झपाट्याने, पण तिचे बी साऱ्या रानात पसरते आणि मग काढता काढता नाकी नऊ येतात. वड-पिंपळाची सर कशालाच नाही, पण त्यांची मुळे भिंत, विहीर, पाइपलाइन काही बघत नाहीत. त्यांना गावाबाहेर मोकळी जागाच हवी.

बकुळ या सर्वांत संथ आणि शांत झाड. कोकण-गोव्याकडे तिला ओवळ म्हणतात, हिंदीत मौलसरी. कूळ चिकूचे. मोह आणि रायण (खिरणी) ही तिची भावंडे. पान मोडले की पांढरा चीक येतो, त्यावरून हे नाते ओळखावे. मूळ घर सह्याद्रीतले सदाहरित जंगल. पण तीन-चार वर्षे नीट सांभाळली की ती मराठवाड्याच्या उन्हातही टिकते. पाने गर्द हिरवी, तकतकीत, कडेला लाटेसारखी मुरड असलेली. जुनी पाने थोडी-थोडी गळतात आणि नवी येत राहतात, त्यामुळे झाड कधी उघडे पडत नाही. माथा घुमटासारखा दाट. उंची 35 ते 50 फूट. लाकूड कठीण आणि जड, त्यामुळे फांदी सहसा मोडत नाही. उन्हाळ्यात चांदणीसारखी बारीक, मळकट पांढरी फुले पडतात. ती सुकली तरी त्यांचा वास जात नाही, हे आपल्या आयाबहिणींना सांगायला नको. फळ बोराएवढे, पिकल्यावर नारिंगी, चवीला गोड-तुरट, पोरे आणि पाखरे आवडीने खातात. साल तुरट असते. दात आणि हिरड्यांसाठी तिचा उपयोग पूर्वीपासून करतात.

दोषही सांगितला पाहिजे. बकुळ सावकाश वाढते. खाली बसण्याजोगी सावली व्हायला आठ-दहा वर्षे धरून चाला. आणि जेथे पहिले तीन उन्हाळे पाणी घालणारे कोणी नाही, त्या माळावर बकुळ लावूच नका. तेथे कडुनिंब लावा. बकुळ ही दाराशी, गोठ्याशी, शाळेपाशी, देवळापाशी, कारखान्याच्या आवारात, म्हणजे माणसाच्या नजरेत वाढवायची आहे.

जागा कशी निवडावी?

पहिली गोष्ट : उसाच्या रानात झाड नको. उसाला पूर्ण ऊन लागते. सावलीतला ऊस काडीसारखा राहतो, हे तुम्ही बांधाकडेच्या सऱ्यांत पाहिलेच असेल. बांधावर लावायची तर दिशा बघा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि सावली उत्तरेला पडते. म्हणून ज्या बांधाच्या उत्तरेला रस्ता, ओढा किंवा पडीक जागा आहे तेथेच झाड लावावे. बांध सामाईक असेल आणि पलीकडे भावकीचे रान असेल, तर आधी चार शब्द बोलून घ्या. रोपाला पाणी घालण्यापेक्षा भांडणाला पाणी घालणे सोपे असते.

गोठा आणि घर यांसाठी पश्चिमेची किंवा नैर्ऋत्येची बाजू उत्तम. भिंत तापते ती दुपारी दोननंतरच्या तिरप्या उन्हाने. ते ऊन अडवले की गोठा संध्याकाळी लवकर निवतो. गोठ्यापासून 12 ते 15 फूट, घराच्या भिंतीपासून 15 ते 20 फूट अंतर ठेवा. आपल्याकडे मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि सावली झाडाच्या बुडाशीच पडते. त्या वेळी लांबचे झाड कामाचे नाही. गव्हाण झाडाच्या घेराखाली येईल असा हिशोब आधीच करा.

विजेच्या तारेखाली लावू नका, नाहीतर दर पावसाळ्याआधी शेंडा छाटला जाईल. विहिरीच्या काठावर लावू नका, पाने-फुले पाण्यात पडतात. ओळीत लावायची तर दोन झाडांत 20 ते 25 फूट ठेवा. आज अंतर जास्त वाटते, वीस वर्षांनी वाटणार नाही.

जमीन

मध्यम, निचऱ्याची, खोल जमीन सर्वांत चांगली. पूर्णा, केळना, गिरजा यांच्या काठची गाळाची जमीन उत्तमच. मुरमाड जागेत खड्डा मोठा करावा लागतो. खरी अडचण काळ्या भारी चिबड जमिनीची. तेथे पावसाळ्यात मुळाशी पाणी तुंबते, पाने पिवळी पडतात, आणि रोप पाण्याने जळाले की पाण्यावाचून वाळले हेच कळत नाही. अशा जागी जमिनीपेक्षा फूटभर उंच वरंबा करून त्यावर रोप लावा.

रोपे तयार करणे

रोपवाटिकेत रोपे मिळतात, पण घरी करणेही अवघड नाही. झाडाखाली पडलेली पिकली फळे गोळा करा. गर धुऊन बी काढा. बी ताजेच पेरायचे. डब्यात ठेवून पुढच्या साली पेरू म्हणाल तर उगवण फार कमी होते. एक दिवस साध्या पाण्यात भिजवून, माती, वाळू आणि कुजलेले शेणखत सारख्या प्रमाणात भरलेल्या पिशवीत अर्धा-पाऊण इंच खोल लावा. पिशव्या सावलीत ठेवा. महिना-दीड महिन्यात कोंब दिसू लागतात, काही बियांना दोन-तीन महिनेही लागतात. घाई करून पिशवी रिकामी करू नका.

रोप लहान असताना लावण्यापेक्षा दीड-दोन वर्षांचे, 3 ते 4 फुटांचे लावलेले बरे. मात्र वाढत्या रोपाला मोठी पिशवी द्या. लहान पिशवीत मुळे गोल-गोल फिरतात आणि पुढे तीच झाडाला फास लावतात. विकत घेतानाही पिशवीचे बूड बघा. मुळांचा गुंडाळा झाला असेल तर ते रोप फुकट मिळाले तरी घेऊ नका.

खड्डा आणि लागवड

खड्डे एप्रिल-मेमध्येच काढा. चांगल्या जमिनीत 2 फूट लांब, रुंद आणि खोल, मुरमाड जागेत 3 फूट. महिनाभर उन्हात तापू द्या. वरची माती एका बाजूला आणि खालची दुसऱ्या बाजूला टाका. भरताना वरची माती, 2 घमेली पूर्ण कुजलेले शेणखत, 1 घमेले कुजवलेला प्रेसमड, अर्धा किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 1 किलो निंबोळी पेंड मिसळा.

येथे दोन सूचना. कारखान्यातून आणलेला ताजा प्रेसमड खड्ड्यात घालू नका. तो कुजताना तापतो आणि कोवळी मुळे करपतात. दोन-तीन महिने ढीग करून, पाणी मारून, उलथापालथ करून मगच वापरा. तसेच कच्चे शेणखत टाळा. त्याबरोबर हुमणी आणि वाळवी येते. हुमणी काय करते हे ऊसवाल्याला सांगायची गरज नाही.

दोन चांगले पाऊस होऊन जमीन भिजली की लावा. पिशवी फाडून मातीचा गड्डा न फोडता रोप ठेवा. पिशवीत जेवढे खोड मातीत होते तेवढेच खड्ड्यात ठेवा, जास्त गाडू नका. माती पायाने हलके दाबा, काठीचा आधार द्या, आणि भोवती काट्याचे कुंपण करा. शेळीला एकदा रोप सापडले की तुमची दोन वर्षे गेलीच म्हणून समजा.

कोवळ्या बकुळीला पहिले दोन उन्हाळे थोडी सावली मानवते. तिच्या पश्चिमेला 4 फुटांवर हादग्याचे किंवा शेवग्याचे बी टोचा. ही झाडे झपाट्याने वाढून आडोसा देतात, भाजी मिळते ती वेगळीच. हादगा म्हणजे अगस्ती, आपल्या गणपतीच्या एकवीस पत्रींतली एक पत्री. तिसऱ्या वर्षी बकुळ वर निघाली की आडोशाचे झाड काढून टाका.

पाण्याचा हिशोब

आता मुद्द्याची गोष्ट. "पाणी कुठंय झाडाला?" असे आपण पटकन म्हणतो. हिशोब करून बघू.

पहिल्या वर्षी पावसाळ्यात दहा-बारा दिवस उघडीप पडली तरच पाणी द्या. हिवाळ्यात 8-10 दिवसांनी 10 ते 15 लिटर. फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत आठवड्यातून दोनदा 15 लिटर. म्हणजे 17 आठवड्यांत 34 पाळ्या, 510 लिटर. एक एकर उसाला 3 इंचाची एकच पाळी सरीतून दिली तर साधारण 3 लाख लिटर पाणी लागते. त्या एका पाळीच्या पाण्यावर सुमारे 600 रोपांचा पहिला उन्हाळा निघतो. आता बोला, पाणी नाही की आठवण नाही?

दुसऱ्या उन्हाळ्यात आठवड्याला एकदा 30 लिटर द्या. तिसऱ्या उन्हाळ्यात 12 ते 15 दिवसांनी 60 ते 80 लिटर, आणि तेही बुडाशी न ओतता दोन-अडीच फुटांवर गोल आळे करून, म्हणजे मुळे पाण्याच्या शोधात लांब आणि खोल जातील. त्यानंतर चांगल्या जमिनीत झाड आपले आपण उभे राहते. फक्त दुष्काळी साली उन्हाळ्यात दोन-तीन पाणी द्यावीत. 2012-13 च्या दुष्काळात आपल्या जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागा कशा वाळल्या हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. तसे साल पुन्हा येणार नाही असे कोणी समजू नये.

पाणी वाचवायचे तर मडके वापरा. 8-10 लिटरचे नवे, कच्च्या अंगाचे मडके खोडापासून दीड फुटावर गळ्यापर्यंत पुरा. पाणी भरून वर झाकण ठेवा, नाहीतर डास होतात. पाणी पाझरून नेमके मुळाशी जाते. ठिबक असेल तर ताशी 4 लिटरचे दोन ड्रिपर 2 तास चालवले की 16 लिटर होतात.

पण एक चूक हमखास होते. ऊस तुटला की ठिबकच्या नळ्या गुंडाळून ठेवतात आणि नेमके मार्च-एप्रिलमध्ये बांधावरच्या रोपाचे पाणी तुटते. ऊस गेला तरी रोप तेथेच आहे, हे लक्षात असू द्या.

आच्छादन आणि आग

आळ्यात उसाचे पाचट चार बोटे जाड अंथरा. जमीन थंड राहते, पाण्याची पाळी लांबते, तण होत नाही. मात्र खोडाला पाचट चिकटू देऊ नका, चार बोटे जागा मोकळी सोडा, नाहीतर वाळवी चढते.

आणि हात जोडून सांगतो, फडातले पाचट पेटवू नका. पाचट जाळल्याने जमिनीचे नुकसान होते हे आम्ही अनेकदा लिहिले आहे. पण बांधावरची झाडे मरण्याचे मोठे कारणही तीच आग आहे. झाड त्या दिवशी जळून जात नाही. बुडाची साल भाजते, पुढच्या उन्हाळ्यात शेंडा वाळतो, आणि आपण म्हणतो, "रोग पडला." तो रोग काडेपेटीतला असतो.

छाटणी, कीड आणि खत

बकुळ बुडापासून फांद्या फोडते. गाडी, ट्रॅक्टर आणि माणूस खालून जायचा तर खोड 6-7 फुटांपर्यंत मोकळे हवे. पण एकाच वर्षी सगळ्या खालच्या फांद्या तोडू नका. दर हिवाळ्यात दोन-तीनच काढा. खोड जाड व्हायला त्या फांद्यांची पाने लागतात. शेंडा कधीही खुडू नका. जखमेवर बोर्डो पेस्ट लावा : 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी.

कीड फारशी नसते. कधी पिठ्या ढेकूण किंवा खवले कीड येते, तिच्यामागे मुंग्या येतात आणि पाने काळी पडतात. चिकूवर पाने गुंडाळणारी अळी असते, ती हिच्यावरही दिसते. लागलेली डहाळी तोडून नष्ट करा आणि 5 टक्के निंबोळी अर्क फवारा. तेवढ्याने सहसा भागते. खत म्हणून दर पावसाळ्याच्या तोंडी 2 घमेली शेणखत पुरे. युरियाने झाड फोफावते, पण लवलवीत होते.

पाराबद्दल

झाड मोठे झाले की आपल्याला पार बांधायची हौस येते. हौस चांगली, पण खोडाला भिडवून सिमेंट ओतू नका. खोडाभोवती निदान 4 फूट माती उघडी ठेवा. मुळांना पाणी आणि हवा लागते. लोखंडी पिंजरा खोडाला टेकायच्या आत काढा. जाहिरातीच्या पाट्यांचे खिळे ठोकू देऊ नका. तार बांधली असेल तर सोडा.

आमचा स्वतःचा धडा

दुसऱ्याला शहाणपण सांगताना आपली चूक झाकू नये. काही वर्षांपूर्वी राजूर परिसरातल्या एका शाळेच्या मैदानावर आम्ही दहा बकुळी लावल्या. फीत, नारळ, फोटो, सगळे रीतसर झाले. खड्डे आदल्या दिवशी घाईने काढले होते, ते फूटभरच. चार रोपे पाणी साचणाऱ्या काळ्या पट्ट्यात गेली आणि दिवाळीपर्यंत पिवळी पडून मेली. तीन शेळ्यांनी खाल्ली. राहिली तीन. उन्हाळ्याच्या सुटीत शाळा बंद झाली. पाणी कोणी घालायचे हे ठरलेच नव्हते, म्हणून ते कोणी घातले नाही. जूनमध्ये जाऊन पाहिले तर एकच रोप हिरवे होते.

ते रोप सगळ्यांत वाईट जागी, अगदी कोपऱ्यात, हातपंपाजवळ लावले होते. बायका तेथे हंडे-कळश्या विसळत होत्या. त्या सांडपाण्यावर ते जगले. भाषण आमचे, पाणी त्यांचे. आज त्या बकुळीखाली पोरे डबे खातात आणि वेचलेली फुले वहीत ठेवतात. राहिलेल्या नऊ जागा अजून उन्हात आहेत.

तेव्हापासून आम्ही एक नियम केला आहे, आणि तो आपणही करावा. रोप आणण्याआधी पाणी कोण घालणार त्याचे नाव ठरवायचे. "आपण सगळे" असे नाव चालणार नाही. एक माणूस, एक रोप आणि तीन उन्हाळे. घरात आजीला सांगा, ती विसरत नाही. अंघोळीचे, भांडी विसळल्याचे पाणी झाडाकडे वळवा. मात्र साबण-सोड्याचे पाणी नको.

यंदा एवढे करा. अक्षय्य तृतीयेच्या आत आपल्या गोठ्याच्या पश्चिमेला एक खड्डा काढून ठेवा. दोनचार सभासदांनी मिळून गावातल्या थांब्यावर किंवा शाळेत एखादी बकुळ घ्या. पहिल्या पावसानंतर लावा आणि पुढच्या मार्चमध्ये, शेवटची गाडी काट्यावर नेऊन आलात की, घरात शिरण्याआधी त्या रोपाकडे एक घागर घेऊन जा. कारण आमच्या शेवटी राहिलेल्या तीन रोपांतली दोन त्याच दिवसांत आणि त्याच विसरण्याने गेली.